बांधावरची भांबुर्डी

विचुंब्याचं आमचं शेत सातबाऱ्यावर तिघांचं आहे: थोरला चुलतभाऊ, आत्या आणि मी. पावसाळ्यात भात, थंडीत वाल. राबतो दादा. मी सुकापूरच्या फ्लॅटमधून रविवारपुरता जातो आणि तांदूळ मात्र वर्षभर तिथलाच खातो. तरीही मागच्या थंडीत मी कोणालाही न सांगता वाटणीचा अर्ज देऊन बसलो. वाटा वेगळा झाला की विकायचा, असं मनात होतं. आता दोघांना कचेरीची नोटीस जाणार होती. त्याआधी आपणच सांगावं, म्हणून रविवारी सकाळीच शेतावर गेलो.

तोंड काही उघडेना. दुपारी मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावायची होती, दादा मडकं आणायला गेला होता. मनाची टोचणी जाईना, म्हणून मी बांधावरचं सगळं तण उपटलं आणि शेकोटीत घातलं.

दादा आला आणि बांधाकडे बघतच राहिला. "भांबुर्डी कुठं गेली रे?"

"कुठली भांबुर्डी?"

वालाच्या शेंगा निवडणारी आत्या हसून हसून मागे कलली. "तरीच म्हनलं, शेकोटीला एवढा वास कसला! पोपटीचा पाला जालला की रे यानं!"

मडक्यात पाणी घालत नाहीत. या पाल्याच्या वाफेवरच शेंगा शिजतात. तोच मी जाळला होता.

त्या हसण्यातच मी अर्जाचं सांगून टाकलं. हसणं थांबलं. दादा मडकं खाली ठेवून म्हणाला, "सलग हाय म्हनून तीन घरांना पुरतं. तुकडे केले तर एकालाबी पुरनार नाय."

"चुकलो, दादा. उद्याच अर्ज मागे घेतो."

तो शेकोटीतली लाकडं पुढे सारू लागला. आत्याच म्हणाली, "उद्याचं उद्या. आता शेजारच्या बांधावरून पाला आन. आनि विचारून आन हां. न विचारता करायची तुला खोड हाय!"

दादाला हसू आवरेना. मग मीही हसतच धावलो.

मडकं उघडलं तेव्हा वाफेने चष्मा धुरकटला. दादाने मऊसूत शेंगांची पहिली ओंजळ माझ्यापुढे ओतली. साहेबांना उद्याच्या रजेचा मेसेज मी शेंगा सोलता सोलताच पाठवला.