फोटोतल्यासारखं घर

मी गाव सोडलं त्या दिवशी जीप फाट्यावर बराच वेळ अडून राहिली. आत मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी ड्रायव्हरला अजून दोन माणसं हवी होती. त्यामुळे निरोप दोनदा घ्यावा लागला. पहिल्यांदा आई रडली, मीही रडले. दुसऱ्यांदा काय करावं हे दोघींनाही कळेना, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "येळेवर जेवत जा." आबा, म्हणजे माझे वडील, माझी बॅग जीपच्या टपावर बांधून खाली उतरले आणि हात झटकत म्हणाले, "न्हाई करमलं तर ये माघारी. घर कुठं पळून जातंय?"

भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथून जीपनं अकोले, अकोल्याहून एसटीनं पुणे. तुम्ही जे तिथंच राहिलात आणि जे माझ्यासारखे बॅग घेऊन निघालात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. आबांचं म्हणणं खरं होतं, घर पळालं नाही. पण मला माघारी जायचं झालं तर आता तिथं जागा नाही, आणि आईलाही नाही.

पुण्यात मला एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात नोकरी लागली. कानाला हेडफोन लावायचा आणि दमलेल्या लोकांना शनिवार-रविवारची ठिकाणं विकायची. एकदा आमचे साहेब म्हणाले, "व्हिलेज स्टेला फार मागणी आहे. तुमच्या भागात आहे का एखादं घर?" मी मोबाईलमधला आमच्या घराचा फोटो दाखवला. मातीच्या भिंती, सारवलेली ओसरी, दारात बैल, मागं डोंगर. फोटो काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुमाराचा होता. वर्षातले तेवढेच दिवस आमच्याकडे चिखलही नसतो आणि धूळही नसते. साहेब खूश झाले आणि घर वेबसाइटवर चढलं. घरच्यांचा तर आनंद गगनात मावेना. आपलं घर बघायला लोक पुण्या-मुंबईहून येणार, याचंच त्यांना अप्रूप.

पहिले पाहुणे आले तेव्हा आईनं जिवाचं रान केलं. राजूरहून पनीर मागवलं, शेजारून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, नवी स्टीलची ताटं काढली, वर फरसाणाची पुडी फोडली. पाहुणे हसतमुखानं जेवले आणि पुण्यात पोचल्यावर त्यांनी ऑफिसला कळवलं की अनुभव अस्सल नव्हता. त्यांना नागलीची भाकरी हवी होती, तीसुद्धा पानावर. मी फोनवर हे सांगितलं तर आई भडकलीच. "पाव्हन्याला नागलीची भाकर वाढू? आन् ती बी पानावर? गाव तोंडात शेन घालंल माज्या!"

नागली म्हणजे नाचणी. आमच्याकडे ती घरच्यांनी खायची असते. पाहुण्यापुढे ठेवली तर त्याला हिणवल्यासारखं होतं. तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी वाढली तिनं, पण पदर पुढे ओढून, मान खाली घालून. पाहुण्यांनी त्या शरमेचाच फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'गावाकडची साधी, लाजाळू आई'. माझी आई लाजाळू! ग्रामसभेत सरपंचाला गप्प बसवणारी बाई ती. मला हसूही आलं आणि त्या माणसांचा रागही आला.

तिथून पुढं घराला फोटोसारखं व्हावं लागलं. आबांनी हौसेनं पडवीवर घातलेला निळा पत्रा गवताखाली झाकला गेला. बैल तर आम्ही केव्हाच विकलेत, भाताची चिखलणी आता पॉवर टिलरनं होते. पण लोक दारात बैल शोधायचे. म्हणून दर शनिवारी शेजाऱ्यांचा बैल आणून अंगणात बांधतात. तो बिचारा दोन दिवस रवंथ करत उभा राहतो आणि सोमवारी आपल्या घरी जातो. आबा जन्मभर टोपीवाले, ते आता फेटा बांधून ओसरीवर बसतात. भिंतीवर पांढरी चित्रं आली. आमच्याकडे तशी कुणी कधी काढत नव्हतं, पण पाहुण्यांना ती पाहिजेत. आईचे गुडघे धरलेत, फरशी बसवून द्या म्हणून ती आबांच्या कधीची मागं लागली आहे. फरशी कशी बसवणार? दर शुक्रवारी ती गुडघ्यावर बसून सगळं घर सारवते.

मग घरचे राहतात कुठं? माझा भाऊ सोपान यानं मागच्या बाजूला सिमेंटची खोली बांधली आहे. ती कुणाच्या फोटोत येऊ नये म्हणून पुढं बांबूचा तट्ट्या उभा केलाय. चूल, देव आणि मधली खोली पाहुण्यांकडे, आणि आई-आबा, सोपान नि त्याची बायको भाताच्या पोत्यांशेजारी. मी गेले की मीही तिथंच.

गेल्या उन्हाळ्यात काजवे बघायला येणाऱ्यांची गर्दी सुरू व्हायच्या आधी मी गेले होते. पोत्याला टेकून बसलेली आई एकदम म्हणाली, "मला माज्या घरात निजायचंय गं. माज्या देवापाशी." तिनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी तिथल्या तिथं म्हणाले, "बंद करू हे सगळं." सोपान जेवत होता. त्यानं हातातला घास खाली ठेवला. "कर बंद. मंग भात काढला का समद्यांनी पुन्हा नारायणगावला टोमॅटो तोडाया जायचं का? आईला घिऊन?"

त्याचं काही चुकत नव्हतं. आधी दर हिवाळ्यात हेच होतं. घराला कुलूप, दुसऱ्याच्या बांधावर प्लॅस्टिकचं पाल, थंडीत काकडणारी आई. ते पाल या फोटोनं सोडवलं. आणि ज्या घरासाठी सोडवलं, त्या घराबाहेर तिला काढलं. दोन्ही खरं आहे आणि यातून बाहेर पडायची वाट मला सापडत नाही. मी नोकरी सोडली तर दुसरी कुणी माझ्या खुर्चीत बसून हेच घर विकेल. घर विकलं जायचं थांबलं तर ते पाल पुन्हा उभं राहील. फोनवर लोक विचारतात, "ते लोक खरंच तिथंच राहतात का हो?" मी हो म्हणते. आणि कुठली तारीख हवी ते विचारते.

शेवटी मी एक मुक्काम माझ्याच नावानं बुक केला. आईला हाताला धरून मधल्या खोलीत नेलं. तिनं देवापुढं दिवा लावला आणि हात जोडून कितीतरी वेळ उभी राहिली. मला वाटलं, जमलं. पण गादीवर काही ती बसेना. पांढरी चादर मळेल म्हणाली, आणि भिंतीकडेला गोधडी टाकून अंग चोरून पडली.

सकाळी मी उठले तर तिची गोधडी घडी करून ठेवलेली. माझी चादर काढून घ्यायला ती पायथ्याशी उभी होती. जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती जे विचारते तेच तिनं मला विचारलं, त्याच आवाजात, तशीच मान खाली घालून. "काय कमी पडलं न्हाई ना?"

"आई, मी आहे गं," मी म्हणाले. ती दचकली. मग ओशाळून हसली आणि चादर ओढू लागली. जिथं आपल्याला हे कुणी विचारत नाही ते घर, एवढंच मला आता समजतं. तसं ठिकाण माझ्याकडे पुण्यात नाही आणि इथंही उरलेलं नाही. तेवढ्यात पुढच्या अंगणातून सोपाननं हाक मारली, पाहुणे आले होते. आम्ही दोघींनी भराभरा चादर बदलली आणि मागच्या दारानं बाहेर पडलो.