तेरा भाग आणि चार मिनिटांचा अंधार

सगळ्यात आधी कव्हर तयार झालं. कराडातल्या एका फ्लेक्सवाल्याकडून मी ते रंगीत छापून आणलं. वर मालिकेचं नाव, खाली 'संपूर्ण तेरा भाग' आणि कोपऱ्यात गॉगल घातलेला माझा फोटो. कथा, पटकथा, संवाद, छायाचित्रण, दिग्दर्शन या पाचही शब्दांपुढं माझंच नाव होतं. आत घालायला मात्र अजून काही नव्हतं. ते तेरा भाग ज्या कॅसेटींवर होते त्या कुठं आहेत, हेही मला ठाऊक नव्हतं. पण कव्हर हातात आलं की माणसाला काम निम्मं झाल्यासारखं वाटतं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी मलकापुरात लग्नाच्या शूटिंगचा धंदा करत होतो. लगीनसराई संपली की कॅमेरा कपाटात जायचा आणि मी बायकोच्या स्वयंपाकात चुका काढायला मोकळा व्हायचो. अशा एका मोकळ्या महिन्यात गावच्या केबलवाल्यानं सांगितलं, की त्याच्या चॅनेलवर संध्याकाळचा अर्धा तास रिकामा असतो, तिथं काहीतरी हसवणारं लाव. बायकोनंही फार आग्रह केला. घरातून बाहेर पडाल तर काहीही करा, असं ती म्हणाली.

मी मालिका काढली. रिटायर झालेला हवालदार गावी येतो आणि घर पलटणीसारखं चालवायला लागतो, एवढीच गोष्ट. बायकोला ड्यूटी लावतो, कोंबड्यांची हजेरी घेतो, पाहुण्यांना गेटपास देतो. आमच्याकडं घरटी एक फौजी. त्यामुळं बाया खदखदून हसायच्या, पोरं हसायची आणि शेजारी बसलेला फौजी तेवढा गंभीर चेहऱ्यानं बघत राहायचा.

हवालदाराचं काम आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांनी केलं. ते पलटणीत कधी गेले नव्हते, पण निम्म्या तालुक्यातल्या फौजींच्या सफारी त्यांनी शिवल्या होत्या. माप देताना माणूस छाती कशी काढतो, पोट किती वेळ आत धरू शकतो आणि कुठल्या क्षणी सोडतो, हे त्यांच्याइतकं कुणी बघितलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर ते नुसते उभे राहिले तरी हसू यायचं.

आता कबुली. शूटिंग व्हायचं पिठाच्या गिरणीमागच्या परड्यात. टेपवर माणसांपेक्षा दळणच जास्त ऐकू यायचं. म्हणून सगळे संवाद नंतर माझ्या घरी बसून पुन्हा भरायचं ठरलं. नेमका रमजान आला, मास्तरांच्या दुकानात ईदच्या कपड्यांचा ढीग लागला आणि त्यांना यायला सवड होईना. मी म्हटलं, काही हरकत नाही, तुमचा आवाज मी काढतो. ईद झाली, मास्तर मोकळे झाले. तरी पुढच्या भागांतही मीच काढला, वर आणखी एकदोघांचाही. गिरणी आणि ईद ही निमित्तं होती. खरी गोष्ट अशी, की त्या काळात मला माझा आवाज फार आवडायचा. पहिला भाग बघून मास्तर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेस झालंय. माज्या तोंडातनं तू लय चांगलं बोलतूस गड्या."

दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज गेला. आता ते भुवयांनी, बोटांनी आणि गळ्यात अडकवलेल्या मापाच्या टेपनं बोलतात. त्यांची लेक शिरवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. एकदा ती माहेरी आली असताना मी दुकानात गप्पा मारत बसलो होतो. तिची दीड वर्षाची पोरगी चिंध्यांत खेळत होती. लेक म्हणाली, "काका, हिनं तिच्या नानांचा, माझ्या अब्बांचा, आवाज ऐकलेलाच नाही. माझा सगळा फोन शोधला. सगळ्या व्हिडिओंत बाकीचे बोलतात आणि अब्बा कोपऱ्यात गप्प. पण तुमच्या मालिकेत तर ते तेरा भाग बोलतात ना?"

मालिका लागायची तेव्हा तिचा जन्म व्हायचा होता. तिची आई बाळंतपणाला मिरजेला माहेरी गेली होती आणि आमच्या केबलची वायर मलकापूरच्या पुढं जात नव्हती. मायलेकींनी मालिका बघितलीच नव्हती. खरं काय ते त्या दुकानात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं. ज्याला येत होतं तो म्हणाला, पंधरा दिवसांत सगळा संच हातात देतो. मास्तरांनी मशीन थांबवलं, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा चालू केलं.

मी अगदीच हवेत बोललो नव्हतो. कच्च्या शूटिंगच्या कॅसेटी कुठंतरी असतील, गिरणीच्या घरघरीत का होईना त्यावर मास्तरांचा खरा आवाज असेल, असा माझा हिशेब होता. माळ्यावर चढलो. दिवाळीच्या आकाशकंदिलाखाली तयार भागांच्या तेरा कॅसेटी मिळाल्या, त्यांवर पांढरी बुरशी. कच्ची एकही नाही.

तेराही घेऊन सांगलीला गेलो. तिथं एक गृहस्थ जुन्या कॅसेटी पुसून कॉम्प्युटरवर चढवून देतात. त्यांच्याकडं आठवडाभर रोज एसटीनं जाऊन मी आपलंच जुनं काम बघितलं. शत्रूवरही अशी वेळ येऊ नये. पाचवा भाग बुरशीनं खाल्ला होता. तो एका शेजाऱ्यानं टीव्हीवरून टेप करून ठेवलेला मिळाला, पण त्यात तळाशी केबलवाल्याची 'तांबडी गाय हरवली आहे' ही पट्टी फिरते. हवालदार आईच्या फोटोपुढं उभा राहतो आणि नेमकी तेव्हाच गाय येते. मधल्या रिकाम्या जागा मी सिनेमांच्या गाण्यांनी भरल्या होत्या. ते गृहस्थ म्हणाले, हे बाजारात आणलंत तर गाण्यांचे मालक तुम्हाला बाजारात उभं करतील. म्हणून गाणी काढली, तर हवालदार आपल्या बायकोमागं अगदी शांततेत पळताना दिसू लागला, आणि ते हसण्यापेक्षा पोलिसांना कळवण्यासारखं वाटत होतं. वर कळलं, की डीव्हीडी लावायचं यंत्र आता कुणाच्या घरी राहिलेलं नाही, पेनड्राइव्हच द्यावा लागेल. म्हणजे कव्हर मोठं आणि माल नखाएवढा.

आठव्या भागाच्या वेळी त्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, हवालदार, त्याचा सासरा आणि पोस्टमन या तिघांना एकाच वेळी सर्दी कशी झाली. मी म्हटलं, साथ होती.

एव्हाना मला आठवलं होतं, की कच्च्या कॅसेटी गेल्या कुठं. नवी कॅसेट घेण्यापेक्षा जुनीवरच पुन्हा शूटिंग करायचं, हा त्या वेळचा माझा धंद्यातला शहाणपणा. स्वस्तातल्या गिऱ्हाइकाला तर मी कॅमेऱ्यातली कॅसेटच तशी काढून देत असे. म्हणजे मास्तरांच्या आवाजावर मी लग्नं लावली होती, आणि ती सातारा-सांगलीभर वाटूनही टाकली होती.

पंधरा दिवस भरले तेव्हा लेकीला फोन करून सगळं सांगितलं. गिरणी सांगितली, ईद सांगितली, आणि ईदनंतरचंही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे अब्बांचा आवाज कुठंच नाही?"

त्या दिवशी घरात मी इतका गप्प होतो, की बायकोनं डॉक्टरला बोलवू का विचारलं. तिलाच शेवटी सगळी हकिगत सांगितली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमी घेतलेलं एक तरी लगीन कॅसेट संपंपातूर चाललंय का? जेवायला बोलावलं की तुमी क्यामेरा बंद करताय."

खरंच होतं. लग्न कॅसेटीपेक्षा आखूड असेल, तर उरलेल्या फितीवर जुनं शूटिंग तसंच राहिलेलं असणार. मी सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर निरोप टाकला, की मी ज्यांच्या लग्नाचं शूटिंग केलं त्यांनी कॅसेट शेवटपर्यंत चालवून बघावी आणि पाठवणीनंतर काही दिसलं तर कळवावं.

पंचवीस वर्षं तुंबलेल्या तक्रारी आल्या. एकानं विचारलं, माझ्या लग्नात भटजींचे पाय तेवढे का घेतले. दुसऱ्यानं लिहिलं, लग्नच टिकलं नाही, कॅसेट कुठली टिकतीय. एका बाईंनी कळवलं, की पाठवणीनंतर कोंबड्या दिसतात, आणि इतकी वर्षं त्या सासरच्या कोंबड्या आहेत असं त्या समजून होत्या. मी धावत गेलो. त्या कोंबड्या आमच्याच निघाल्या, पण कोंबड्याच बोलत होत्या, मास्तर नव्हते. मग लोणंदजवळच्या एका रिटायर सुभेदारांचा निरोप आला: "पाठवणीनंतर अंधार हाय. अंधारात एक मानूस म्हशीला ड्रिल शिकवतोय. त्योच का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोणंदला. सुभेदारांनी बंदूक ठेवावी तसा व्हीसीआर पुसून, कापडात गुंडाळून ठेवला होता. कॅसेट घराबाहेर जात नाही, आधी लग्न बघायचं आणि मग पुढचं, असा त्यांचा हुकूम झाला. सगळं घर सतरंजीवर बसलं. मला पुढं बसवलं. दोन तास मी माझी शिक्षा बघितली. मंगळसूत्र बांधताना कॅमेरा जिलेबीच्या कढईवर होता. अक्षता पडल्या तेव्हा तो कुणाच्या तरी पाठीवर होता. सुभेदारीणबाई पदराआडून हसत म्हणाल्या, "माज्या लग्नात माजंच त्वांड न्हाई बगा. ह्यांच्या मामाची टोपी मातूर समदी आलीया."

पाठवणी झाली. पडद्यावरच्या बाया रडल्या, सतरंजीवरच्याही जराशा हळव्या झाल्या. मग खर्रकन आवाज झाला आणि पडदा काळा पडला. गिरणी सुरू झाली, आणि तिच्यावरून मास्तर बोलले.

"जवान, नाव सांग." म्हैस गप्प. "पलटन कंची?" म्हैस गप्प. "बेस. कमी बोलनारा जवान मला आवडतो." आणि बरोब्बर त्या क्षणी म्हैस रेकली. मागं कुणीतरी खो-खो हसलं, आणि माझा कोवळा, खुशीतला आवाज आला: एक नंबर मास्तर, कट. मग पुन्हा मास्तर, अगदी हळू.

"गड्या, त्या क्यामेऱ्याच्या डोळ्यावर टोपन हाय न्हवं?"

"हाय."

"मानूस चुकला तर पुन्यांदा बोलंल. म्हशीनं आज जे काम केलंय ते ती पुन्यांदा करंल व्हय? तिला काय सांगू आता? सोताच्या लग्नात तरी बायकूचं त्वांड बगिटलंस, का तितंबी टोपन हुतं?"

कॅसेट संपेपर्यंत ते मला झाडत होते. चार मिनिटांतली निम्मी म्हशीची, निम्मी माझी. सतरंजीवरचं सगळं घर त्यांच्याबरोबर एका सुरात बोलत होतं. रडून झाल्यावर हे हसणं या घरात दर लग्नाच्या वाढदिवसाला चालत आलं होतं. तेवढ्यासाठीच तर ती कॅसेट ठेवलेली. मी कधी ते ऐकायला यायचा प्रसंग येईल असं बिचाऱ्यांना वाटलं नव्हतं. मी डोळे पुसले, ते सुभेदारांनी न बघितल्यासारखं केलं. मास्तरांच्या गळ्याचं सांगितलं, तसे सुभेदार उठले आणि कपडे करून आले. कॅसेट मांडीवर धरून माझ्याबरोबर रेल्वेनं सांगलीपर्यंत आले, चहा पितानाही हातातून सोडली नाही, आणि कॉपी झाल्यावर घेऊन परत गेले.

हाच प्रसंग चौथ्या भागात होता, टोपण काढून पुन्हा घेतलेला. त्यात म्हैस कॅमेऱ्याकडं पाठ करून उभी आहे. सांगलीच्या गृहस्थांना म्हटलं, हा आवाज त्या तोंडावर बसवा. त्यांनी दोन दिवस झटून नाद सोडला. मास्तर एकच वाक्य दोनदा सारखं कधी बोलायचेच नाहीत. एकीकडं तेरा भाग नुसता चेहरा, एकीकडं चार मिनिटं नुसता आवाज, आणि दोन्हींच्या मध्ये मी.

सुट्टीच्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन मास्तरांच्या घरी गेलो. लेकीनं टीव्हीला लावला आणि काळा पडदा सुरू केला. "जवान, नाव सांग." पोरगी दचकली. टीव्हीच्या मागं जाऊन बघून आली, तिथं कुणी नव्हतं. मास्तर ताठ बसून ऐकत होते. संपलं तसं त्यांनी बोट वर केलं, पुन्हा. दुसऱ्या खेपेला त्यांचे ओठ हलायला लागले, पण मागं पडत होते. तिसऱ्याला म्हशीपर्यंत जमलं. चौथ्या खेपेला एक अक्षर चुकलं नाही. अंधारातून आवाज येत होता आणि समोर खुर्चीवर मास्तर बोलत होते, छाती काढून, पोट आत घेऊन. पोरगी पडद्याकडं बघायची थांबली. आजोबांच्या गुडघ्याला धरून त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. एक हात वर करून तिनं त्यांच्या ओठांवर ठेवला. लेक रिमोट घेऊन खिडकीकडं तोंड करून बसली होती. संपलं की न बघताच पुन्हा लावत होती.

मी मुकाट्यानं भिंतीला टेकून होतो. 'टोपन हाय न्हवं' आलं की मास्तर गळ्यातली टेप माझ्याकडं रोखायचे. सातव्या खेपेला पोरगीनंही बोट रोखलं. आता मी त्यांच्या दारात दिसलो की ती आधी माझ्याकडं बोट दाखवते आणि मग टीव्हीकडं, आणि लेक काळा पडदा लावते. पेनड्राइव्हवरचे बाकीचे तेरा भाग त्या घरात अजून कुणी उघडलेले नाहीत.