बाबांनी बांधलेली माटोळी

यंदा चवथीला कोरगावला माहेरी गेले. घरात शिरते तर बाबा स्टुलावर उभे, तोंडात दोरी धरलेली, आणि आई खाली स्टूल घट्ट धरून डोळे मिटून पुटपुटतेय... कितीतरी वर्षांनी बाबा माटोळी बांधत होते!

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली फळं, नारळ, सुपारीचे घड बांधायचे. लहानपणी बाबा आम्हा भावंडांना डोंगरावर न्यायचे, काटे टोचून घेत आम्ही कवंडाळाची लाल रानफळं शोधायचो... ओल्या पानांचा तो वास आठवला की अजून जीव तिकडे ओढ घेतो. आमच्या वाड्यावर बाबांसारखी माटोळी कुणाची नसायची.

मग कधीतरी ती भीती आली. नारळ सुटून मूर्तीवर पडला तर? आरतीला उभ्या असलेल्या कुणाच्या डोक्यात पडला तर? बाबा सोडायचे, परत बांधायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घट्ट बांधलंय ना असं विचारायचे, "घट आसा मगो?" आम्ही म्हणायचो, "आसा, आसा!" थोड्या वेळाने पुन्हा तेच. आरती खोळंबायची, जेवण निवून जायचं. शेवटी त्यांनी माटोळीला हात लावायचंच सोडलं. भाऊ बांधायचा आणि बाबा मागच्या पडवीत जाऊन बसायचे. बघवत नसे हो...

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ओसीडी, म्हणजे एकच शंका मनात पुन्हा पुन्हा घोळत राहणं. गोळ्या दिल्या, आणि मग आम्हा सगळ्यांनाच बोलावलं. म्हणाले, तुमच्या "होय"ने त्यांना घटकाभर बरं वाटतं, पण भीतीला आणखी खतपाणी मिळतं. माझं डोकंच सटकलं! घाबरलेल्या माणसाला धीरसुद्धा द्यायचा नाही? पण बाबाच म्हणाले, "खरा आसा तेंचा."

मग बाबांसमोरच ठरलं. ओरडायचं नाही, हसायचं नाही, सोबत राहायचं, पण उत्तर द्यायचं नाही. आधी दाराची कडी लागली का, गॅस बंद आहे का अशा छोट्या शंकांवर सराव झाला. आणि यंदा ते स्वतःहून म्हणाले, माटोळी मी बांधतो...

बांधून झाली. बाबा खाली उतरले, वर बघितलं, कपाळावर घाम. "घट आसा मगो?"

माझं "होय" निघणारच होतं, तेवढ्यात आईने माझ्या तोंडात नेवरी, म्हणजे आमची करंजी, कोंबली! मग तीच त्यांना हळू म्हणाली, "तुमका भिया दिसता, ता माका कळता. पण उत्तर मी दिवचंय नाय. हयसर बसा." बाबा खाली बसले. आम्हीही सगळे त्यांच्याजवळ बसलो.

आणि नेमके शेजारचे दत्तामामा दर्शनाला आले. इतक्या वर्षांची सवय बिचाऱ्यांची! चपला काढता काढताच ओरडले, "माटोळी एकदम घट आसा हां!"

झालं, मुसळ केरात... मी मनात म्हटलं.

बाबांनी मामांकडे बघितलं. मग वर बघितलं.

"दत्ता, आज मी तुका इचारूक नाय रे," ते म्हणाले. "घट आसा काय नाय, माका ठावक नाय. बस, पातोळ्यो खा."

मामा बावचळून आमच्याकडे बघायला लागले. आई पदर तोंडाला लावून आत गेली, ती डोळे पुसत बाबांचं पान वाढूनच बाहेर आली. त्या दिवशी बाबा सगळ्यांबरोबर पंगतीत जेवले. अधूनमधून वर बघत होते... पण जेवले!

भीती गेली असं मी म्हणणार नाही, अजून बरीच वाट आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही. इतकी वर्षं "होय" म्हणून आम्ही आपापल्या कामाला निघून जायचो. उत्तर द्यायचं नाही म्हटल्यावर शेजारी बसावं लागलं... लहानपणानंतर पहिल्यांदाच मी बाबांच्या इतक्या जवळ बसले होते.