गाव पोसणारा वैरी

चंपतरावांना करंजझरीत अजून सगळे भला माणूस म्हणतात. कोणाच्या घरी लग्न निघालं की गुळाची ढेप पोचवणार, आजाऱ्याला स्वतःच्या गाडीबैलानं गुडीहत्नूरच्या दवाखान्यात नेणार, कीर्तनात पुढे बसून मान डोलावणार. हे सगळं खरं आहे. तरी त्यांचं नाव निघालं की मला मळमळतं. गावचं पोस्ट मी सव्वीस वर्षं सांभाळलं, तेही त्यांच्याच दुकानाच्या ओसरीवर बसून. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

अठ्ठ्याऐंशी साली नक्षलवाद्यांच्या दलमनं आमच्या फाट्यावर एक बस जाळली. माणसं आधी उतरवली होती, कोणाला खरचटलंही नाही. पण महिन्याभरात आमच्या गायरानावर पोलिसांचा कॅम्प आला. तंबू, वाळूची पोती, काटेरी तार आणि ऐंशी जवान. पंधरा दिवस गाव भेदरून घरात बसलं. सोळाव्या दिवशी चंपतराव टोपलंभर वांगी घेऊन तारेपाशी जाऊन उभे राहिले.

ऐंशी माणसं दिवसातून दोनदा जेवतात, हे गावात त्यांना पहिल्यांदा सुचलं. भाजी, अंडी, बकरे, सरपण, सगळं त्यांच्या हातून आत जाऊ लागलं. आणि ते एकटे खाणारे नव्हते, हे कबूल करायला हवं. प्रयागबाई म्हणून एक विधवा बाई ओढ्याकाठी भाजीपाला करायच्या. चंपतरावांनी त्यांना बहीण मानलं होतं, दर भाऊबीजेला ओवाळून घ्यायचे. त्यांची मेथी-वांगी सगळ्यात आधी घेतली जायची. नागोरावाच्या हॉटेलात भज्यांची कढई दिवसभर उतरेना. शिंप्यानं दुसरं मशीन आणलं. लोकांनी ज्वारी मोडून भाजी लावली. माझं पोस्ट बंद करायचं घाटत होतं, तेही जवानांच्या मनीऑर्डरींनी तरलं. म्हणजे मीही खाल्लं.

चार-पाच वर्षांत दलम दुसरीकडे सरकलं. त्र्याण्णवच्या पोळ्याला कॅम्पचा जमादार हॉटेलात सहज बोलून गेला की दसऱ्यानंतर कॅम्प उठणार. दोन वर्षांत इथे फटाकासुद्धा फुटला नाही, वरच्यांना दाखवायचं काय? गावावरची इडापिडा टळली होती. दिवे लावायचे सोडून गावानं सुतक धरलं.

"आता खावं काय?" नागोराव म्हणाला.

"दलम नाही तं नाही," चंपतराव म्हणाले. "दलमचा कागद तं येऊ शकते ना?"

दलमची माणसं तेलुगू, म्हणून कागद तेलुगूत हवा होता. आम्ही सगळे मराठी. तेलुगू बोलायचो बाजारापुरतं. अक्षरं म्हणजे आमच्या लेखी नुसत्या जिलब्या. ती लिहिणारा गावात एकच, प्रयागबाईंचा दौलत. आदिलाबादला मावशीकडे राहून तेलुगू शाळेत शिकलेला, तिशीचा, बोर्ड रंगवून पोट भरणारा. दुकानाच्या बोर्डावर तेलुगू लागतंच, म्हणून गावातले झाडून सगळे बोर्ड त्याच्या हातचे.

"मामा, हे अंगावर येईन," दौलत म्हणाला.

"अन् कॅम्प उठला तं तुया मायची वांगी कोन खाईन? तू खाशीन?"

दौलतनं लाल रंगात तीन कागद लिहिले. पोलिसांना पोसणाऱ्या गद्दारांना शिक्षा होईल, वगैरे. गद्दारांच्या यादीत चंपतरावांनी स्वतःचं नाव सगळ्यात वर घालायला लावलं. त्यानं वजन येते म्हणाले. कागद चिकटले, बोंब झाली, कॅम्प राहिला. नुसता राहिला नाही, ऐंशीचे एकशे तीस झाले. दसऱ्याला चंपतरावांनी पेढे वाटले आणि मी दोन खाल्ले.

जिलब्यांनाही वळण असतं, हे मात्र आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. नवीन आलेला साहेब करीमनगरकडचा, तेलुगू त्याची मायबोली. एका सकाळी सिगारेट घ्यायला आला आणि मान वर करून दुकानाच्या बोर्डाकडे बघत राहिला. मग खिशातून घडी केलेला लाल कागद काढला, एकदा कागदाकडे बघितलं, एकदा बोर्डाकडे.

"ये बोर्ड कौन लिखा?"

चंपतरावांना काय वाटेल ते सांगता आलं असतं. आदिलाबादचा पेंटर होता, नाव आठवत नाही, एवढं पुरलं असतं. मी दोन हातांवर बसलो होतो. त्यांनी तराजूतली डाळ नीट पुडीत बांधली आणि म्हणाले, "दौलत."

तासाभरात पोलिसांनी त्याला उचललं. प्रयागबाई धावत दुकानात आल्या, मातीच्या हातांनी तशाच.

"भाऊ, तुमीच लिवून घेतलं ना? साहेबाले येवढंच सांगा."

"बाई, मी सांगतलं तं मीबी आत जाईन. मंग त्याले सोडवाले बाहेर कोन राह्यते?"

असं म्हणून त्यांनी बाईंच्या पदरात साखरेची पुडी बांधली. पोरगा नेला आणि साखर दिली! मी खाली मान घालून टपालावर शिक्के मारत होतो. प्रयागबाईंनी पुडी तिथेच पायरीवर ठेवली आणि गेल्या.

साहेबालाही सगळं कळलं होतं. अंतर्देशीय पत्रं घ्यायला आला तेव्हा मी दौलतबद्दल विचारायचं धाडस केलं. तो हसला. म्हणाला, कागज झूठा है, मालूम है. पर ऊपर लिख दिया तो लिख दिया. पन्नास जवान जास्तीचे मागून घेतले होते, आता त्यांच्यासाठी एक तरी माणूस दाखवायला हवा होता. दुश्मन नसेल तर कॅम्प नाही, आणि कॅम्प नसेल तर साहेबाला जीप नाही. सुटे पैसे परत घ्यायला तो विसरला नाही.

दौलत वीस महिन्यांनी सुटला. खटल्यात काही टिकलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती, तो ब्रश डाव्या हातात धरायला शिकत होता. पण कॅम्पच्या वहीतून नाव गेलं नाही. दर सोमवारी हजेरी लावायची. त्या वहीत गावाचा वैरी म्हणून एवढं एकच नाव होतं. त्या एकावर एकशे तीस माणसं जेवत होती, आणि त्या एकशे तीसांवर आम्ही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. आम्ही तर माणूस मरायचीसुद्धा वाट पाहिली नाही.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात त्याला नांदेडला एका बोर्डवाल्याकडे काम मिळालं. ही बातमी फुटली तशी चंपतराव आणि नागोराव प्रयागबाईंच्या घरी गेले. चंपतरावांनी मलाही ओढून नेलं, तिसरं माणूस असलेलं बरं म्हणून.

"त्याले जाऊ देऊ नको, बाई," चंपतराव अगदी कळवळून म्हणाले. "तो गेला तं कॅम्प कोनावर राहीन? गावाचा विचार कर."

प्रयागबाई मेथी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घरी तीन लेकं हायेत. त्यातला एखादा करा ना वैरी. माहा एकच होता, तो वापरून झाला."

नागोराव तोंड लपवून बाहेर पडला. चंपतराव मात्र वाटेत मला म्हणत होते, पाहा मास्तर, बाईले उपकाराची जाण नाही! मला तेव्हा ओकारी यायला हवी होती. मी हूं म्हणालो.

दौलत रविवारच्या बसनं गेला. सोमवारी हजेरी चुकली. मंगळवारी चंपतराव स्वतःहून कॅम्पात गेले आणि दौलत जंगलात दलमला जाऊन मिळाला असं सांगून आले. साहेबाला तेच हवं होतं. आता वहीत साधा वैरी नव्हता, फरार वैरी होता. कॅम्पला मुदतवाढ मिळाली.

दौलतचं पत्र मात्र दर महिन्याला नांदेडहून येत होतं, मोडक्यातोडक्या मराठीत. माझ्याच हातात पडायचं, मीच प्रयागबाईंना वाचून दाखवायचो. भेटायला येऊ का, असं तो प्रत्येक पत्रात विचारायचा. बाई म्हणायच्या, लिवा, येऊ नको, दिसला तं गोळी घालतीन. मी लिहायचो. तो कुठे आहे हे साहेबानं मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावत आलो.

अठ्ठ्याण्णवच्या पौषात प्रयागबाई तापानं अंथरुणाला खिळल्या. मला बोलावून म्हणाल्या, "भाऊ, मी गेली तं त्याले कळवा. लांबूनच पाह्यना का, पन त्याले कळवा." मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मी तारेचा मजकूर लिहायला घेतला तर चंपतराव पुढ्यात येऊन बसले. "मास्तर, तो आला अन् मेला तं? अन् जिता राह्यला तं सांगीन ना, मी दोन सालापासून नांदेडात बोर्ड रंगवून राह्यलो म्हनून. मंग कॅम्प? तुमचं पोस्ट?"

मी कागद फाडला. कोणी माझा हात धरला नव्हता.

अग्नी चंपतरावांनी दिला. मानलेल्या बहिणीसाठी इतकं कोण करतं, असं म्हणून बाया रडल्या. तेरावं मोठं झालं, साहेबसुद्धा जेवून गेला.

पुढच्या महिन्यात दौलतचं पत्र आलं. माय, तब्येत कशी आहे, येऊ का? मी बसलो आणि उत्तर लिहिलं. बरी आहे, येऊ नको. खाली प्रयागबाईंचं नाव घातलं. कॅम्प उठेपर्यंत मी अशी अकरा पत्रं लिहिली.