दाजींची टोपी म्हसवडला, बोर्ड सांगलीत

या सदरातले अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात त्यांची उत्तरंही देऊन टाकते... वायर लूज असणार, मांजर असणार, झोप अपुरी झाली असणार. माझं कामच तसलं आहे. सांगलीत एका खासगी संस्थेत मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, घरी दुरुस्तीची कामं घेते. संकेत, मनातलं ओळखणं, असलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानते असं नाही. फक्त एक दुपार आहे, जिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

माझी थोरली बहीण — आम्ही तिला आक्का म्हणतो — म्हसवडला दिली आहे. दाजी फौजेत ड्रायव्हर होते. डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक चालवून रिटायर झाले, घरी आले, भावाकडची थोडी मेंढरं स्वतःकडं घेतली. आणि मग हातातून कप निसटायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, एकेक स्नायू बंद पडत जाणार. तसंच झालं. हात गेले, पाय गेले, मग वाचा गेली. डोकं मात्र लख्ख. मान तेवढी थोडी हलायची.

आक्का दिवसभर अंदाज बांधायची. पाणी पायजे का? कूस बदलू? पंखा? बरोबर आलं तर दाजी पापण्या हलवायचे. दोन-चारदा चुकलं की डोळे मिटून घ्यायचे. "रागवत न्हाईत गं ते," आक्का मला फोनवर म्हणाली, "नुसतं डोळं मिटून घेत्यात. तवा माझा जीव जातो बघ."

त्यावरून मी कामाला लागले. काडेपेटीपेक्षा जरा लांब असा एक छोटा सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर मिळतो. तो यूएसबीनं लॅपटॉपला जोडायचा आणि आत प्रोग्रॅम असा लिहायचा, की जोडल्या जोडल्या तो सांगतो — मी माउस आहे. लॅपटॉप बिचारा विश्वास ठेवतो. दाजींच्या सुती टोपीत मी मान झुकलेली ओळखणारा सेन्सर शिवला. टोपीची वायर बोर्डाला, बोर्ड लॅपटॉपला. मान झुकेल तसा बाण सरकणार, एका जागी थोडा वेळ थांबला की क्लिक. स्क्रीनवर मोठे चौकोन केले: पाणी, कूस, पंखा, दुखतंय, दार. क्लिक झालं की लॅपटॉप तो शब्द मोठ्यानं बोलायचा. खाली अक्षरांचा कीबोर्ड.

जमायला वेळ लागला. पण जमल्यावर दाजींची एक खास पद्धत तयार झाली. बाण चौकोनाच्या थोडा पुढं न्यायचे, मग हळूहळू मागं आणून बरोबर मध्ये थांबवायचे. ट्रक रिव्हर्सला लावावा तसं. आम्ही हसायचो. कीबोर्डवर पहिला शब्द त्यांनी लिहिला तो 'चहा'. आक्का चुलीशी... म्हणजे गॅसशी गेली आणि तिथंच पदर तोंडाला लावून बराच वेळ उभी राहिली.

सगळ्यात जास्त वापर 'दार'चा. खाटेवरून त्यांना अंगण दिसायचं, लिंब दिसायचा, मेंढरं दिसायची. दार मिटलेलं त्यांना चालत नसे.

त्या उन्हाळ्यात बोर्डाचं यूएसबीचं सॉकेट ढिलं झालं. मी म्हसवडला गेले तेव्हा बोर्ड काढून सांगलीला घेऊन आले. टोपी तिथंच राहिली. काढायला गेले तर दाजींनी डोळे मिटून घेतले... सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सॉकेटला नव्यानं सोल्डरचा डाग दिला. लॅपटॉप बोर्डाला ओळखतो का एवढंच बघायचं होतं, म्हणून तो माझ्या लॅपटॉपला जोडला आणि चौकोनांची स्क्रीन उघडली. सेन्सरच्या वायरीची जागा रिकामी. सेन्सर सापडला नाही तर काही करायचं नाही, गप्प बसायचं, असं प्रोग्रॅममध्ये मीच लिहिलं होतं.

बाण हलला.

मला वाटलं, टचपॅडला हात लागला. टचपॅड बंद केला. बाण सरकत 'दार'च्या पुढं गेला, हळूहळू मागं आला, मध्ये थांबला. लॅपटॉप बोलला, "दार." परत बाजूला गेला, पुढं गेला, मागं आला. "दार."

रिकाम्या पिनांवर गोंगाट, म्हणजे खोटे सिग्नल येतात, हे मी मुलांना शिकवते. पण गोंगाट थरथरतो, भरकटतो. तो रिव्हर्स घेत नाही. मी वायर उपसली. बाण थांबला. परत जोडली, बोर्ड सुरू व्हायला लागतो तेवढा वेळ गेला... आणि परत तेच. या मॉडेलला वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. आणि सांगलीहून म्हसवडला एस.टी.नं जायचं तर विटामार्गे निम्मा दिवस मोडतो.

मी घाबरले होते का? नाही. मला फक्त दाजींची मान दिसत होती. मी आक्काला फोन लावला.

ती दोन घरं सोडून शेजारणीकडं कुरडया घालायला गेली होती. दाजी झोपलेत, मघाशी बघून आले, म्हणाली. मी म्हटलं, घरी जाऊन दार उघड.

"आगं उघडंच हाय. दगड लावून आलेय."

"आक्का, तू जा. मी फोन ठेवत नाही."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, ती उठली. चालताना तिचा श्वास ऐकू येत होता, वाऱ्याचा आवाजही. मग ती म्हणाली, वाऱ्यानं दगड सरकून दार लागलंय. दार ढकलल्याचा आवाज आला. आणि मग एकदम वेगळ्या आवाजात — "वैशे... गॅसचा वास येतोय. लय."

"आत कुठलंच बटण दाबू नको. लाईट नको, पंखा नको. फोन बाहेर ठेव आणि आधी सिलिंडर बंद कर."

तिनं फोन अंगणात ठेवला. मला मेंढरं ऐकू येत होती. मग आक्काची हाक, मग शेजारच्या लोकांची धावपळ. खाटेसकट दाजींना उचलून लिंबाखाली आणलं, तेव्हा कुठं कुणीतरी फोन उचलून मला सांगितलं, "ताई, हायत. डोळं उघडं हायत."

गॅसची नळी उंदरानं कुरतडली होती. आक्का कुरडया आटपून आली असती तर सवयीनं पहिल्यांदा पंख्याचं बटण दाबलं असतं. याच्यापुढं मी विचार करत नाही.

लिंबाखाली आणल्याचं ऐकलं तेव्हा मी स्क्रीनकडं पाहिलं. बाण कोपऱ्यात गप्प होता. नंतर दाजींना दुसरा बोर्ड बसवून दिला आणि हा मी घरी कितीतरी दिवस सेन्सरशिवाय तसाच जोडून ठेवला. बाण इंचभरही हलला नाही.

त्याआधी मात्र दुसऱ्याच दिवशी मी तो घेऊन म्हसवडला गेले. टोपी जोडली, लॅपटॉप समोर ठेवला आणि विचारलं, दाजी, काल काय झालं? एकेक अक्षर लावायला त्यांना वेळ लागतो. आक्का नि मी वाट बघत बसलो.

वास आला, त्यांनी लिहिलं. समोर काही नव्हतं. टोपी होती. तरी मान हलवत होतो. दार, दार.

मग थांबले. बाण परत सरकला.

'तुला कळलं?'

"कळलं, दाजी."

बाण पुढं गेला, मागं आला, आणि फौजेतल्या हिंदीत उमटलं — 'ठीक है.' एवढंच. त्यानंतर त्यांनी पाणी मागितलं.

माझ्या क्षेत्रातल्या दोघांना मी हे सांगितलं. एक स्टॅटिक वीज म्हणाला, दुसरा योगायोग. मी ऐकून घेतलं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. दाजी आहेत. मान आता आणखी कमी हलते, म्हणून प्रोग्रॅम मी जास्त नाजूक केलाय.

आक्कानं म्हसवडच्या सिद्धनाथाला नारळ बोलला होता. तो फोडायला गेली तेव्हा मला सोबत नेलं. एरवी मी बाहेर चपला सांभाळत थांबते. त्या दिवशी आत गेले, हात जोडले. बाहेर आल्यावर आक्कानं विचारलं, काय मागितलंस? मी म्हटलं, काही नाही, नुसते आभार मानले.

"कुणाचं?"

"ते माहीत नाही गं."

"आसू दे," आक्का म्हणाली आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "ज्याचं हायत त्याला पोचत्याल."