माझं इंजन, त्यांची खंडेनवमी

"हार तिथंच ठेव. पायरी चढू नको," मुनीम म्हणाला.

खंडेनवमीचा दिवस. उमरीचा सरकी काढायचा कारखाना. मुनीम पायरीवर, मी खाली. हातात झेंडूचा हार. बायकोनं पहाटे उठून ओवलेला, माझ्या इंजनासाठी.

हो, माझ्याच. जुना इंजनवाला हैदराबादला निघून गेला, तेव्हापासून ते मीच चालवत होतो. पावसाळाभर कारखाना बंद. त्या दिवसांत मी ते पुरतं खोललं, पुसलं, पुन्हा जोडलं. त्याच्या नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखायचो. मालक रोज सकाळी यायचे आणि लांबूनच म्हणायचे, "गड्या, हे इंजन तुझंच हाय बरं का!"

एवढ्या एका वाक्यावर मी अंगात ताप असताना कामावर गेलो. पोरगी तापानं फणफणली होती, तरी गेलो. इतका मी बावळट.

मुनीमानं हारावर आधी पाणी शिंपडलं, मग उचलला. आत भटजींनी इंजनावर गोमूत्र शिंपडलं. मी खालूनच, उघड्या दारातून बघत होतो. हसू आलं आणि संतापही आला. वरून शिंपडाल हो. आतल्या एकेका नटाला माझा हात लागलाय, त्याचं काय करणार?

तराजूला कुंकू लागलं. बैलांना लागलं. आम्ही महारवाड्यातले सातजण पायरीखाली, उन्हात.

मग मुहूर्त. इंजन सुरू करून पहिला कापूस घालायचा होता. तहसीलदारसाहेब खुर्चीत बसलेले. दोघंजण चाकाला झोंबले. इंजन ढिम्म. चाक आधी उलटं रेटावं लागतं, हे त्यांना कुठं ठाऊक?

मुनीम धावत आला. "चल लवकर! मागच्या दारानं ये. मालक बोलावून राहिले."

मी हललो नाही.

मग मालक स्वतः आले. घामाघूम. "असं काय करतोस रे? तुझंच हाय की ते इंजन."

"व्हतं, मालक. आता देव झालाय त्यो. माझा हात लागला तर बाटंल."

"उद्यापासून येऊ नको."

"आजच चाललो."

खोटं कशाला सांगू? घरी काय सांगायचं, ते सुचत नव्हतं. सातांतले दोघं माझ्यामागं आले. बाकीचे उन्हातच उभे राहिले. मुहूर्त टळला, इंजन काही सुरू झालं नाही.

पुढं लातूरला डाळीच्या गिरणीत काम मिळालं. पहिल्याच दिवशी शेठ हसून म्हणाले, "गिरणी आपलीच समज."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"खंडेनवमीला मला कुठं उभं करणार, तेवढं आधी सांगा. मग हात लावतो."

शेठचं हसू गेलं. उत्तर मिळेपर्यंत पाना मी उचलला नाही. ह्यापुढंही, कुणाच्याही दारात, उत्तराआधी उचलणार नाही.