न बोलावता आलेलं पिंपळपान

वरकुट्यात आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्याच्यापुढं उभं राहून जाहीर केलं, "पोरीच्या लग्नाची पत्रिका ह्याच्यातनंच निघंल!"

पोरगी म्हणजे माझी थोरली बहीण. मी छाती फुगवून पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडलं, आणि वरती मधोमध गणपती हजर. आम्ही बौद्ध. आबांनी तरुणपणी दीक्षा घेतलेली. पण ते चिडले नाहीत. चष्मा सरसावून म्हणाले, "पाव्हणा भला हाय, पण पत्ता चुकलाय."

मी गणपती पुसला. नवी पत्रिका उघडली, पुन्हा हजर! पुसला, हजर! ताई दारातून म्हणाली, "आरं लेका, तुझ्या मशिनीला नवरी कोण तेच कळंना व्हय?"

आबा हसले नाहीत. "दर खेपंला किती खोडशील? त्येनं आपणहून आपलं चित्र दावलं पायजे. न्हायतर हातानं लिहू."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं बारामती गाठली. सॉफ्टवेअर विकणाऱ्या दुकानदारानं सगळं ऐकलं, पोट धरून हसला आणि नव्या आवृत्तीच्या फ्लॉप्या काढून दिल्या. "ह्यात सुरुवातीचं चित्र बदलता येतं. जुन्यावर चढवा."

घरी एकेक फ्लॉपी घातली. शेवटची गिळताना यंत्र असं घरघरलं, की आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आता चित्र. माउसनं ठिपक्याला ठिपका लावत मी बुद्ध काढायला बसलो, तर झाले आमचे मामा! डोळे मिटवले, तर जेवून आडवे झालेले मामा. ताई हसून हसून खालीच बसली. शेवटी पिंपळाचं पान काढलं, ते जमलं. सेटिंगमध्ये गणपतीच्या चौकटीत ते बसवलं.

"बंद कर," आबा म्हणाले.

"आबा, आत्ताच तर—"

"बंद कर, परत लाव. ध्येनात ठेवतंय का बघू."

बंद केला. लावला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली. मी कोरी पत्रिका उघडली, आणि वरती मधोमध पिंपळपान येऊन बसलं.

प्रिंटर करकरला. कागदावर रेघेरेघेनं देठ उतरला, मग शिरा, मग ते लांब निमुळतं टोक. इतकी पिंपळाची पानं पाहिली होती; एखादं उगवताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"आपून न सांगता आलं?" आबांनी हळूच विचारलं.

"व्हय, आबा."

"खोडावं लागलं न्हाय?"

"न्हाय."

ते खुर्चीत बसले. "आजून येक उघड."

उघडली. पान आलं. आबांनी हात जोडले. "आजून येक."

छापायचा कागद संपला तरी ते थांबेनात. ताई ओरडली, "आबा, लगीन येकच हाय माझं!"

पडद्यावरची नजर न काढता आबा मला म्हणाले, "उघड."